शेवटच्या कडव्यातलं नाव

दौलतराव गेले तेव्हा धनजमधले लोक म्हणाले, गावाचा आवाज गेला. ते काही खोटं नव्हतं. दिवसभर लोकांच्या वावरात मजुरी करणारा हा माणूस संध्याकाळी पेटी पुढे ओढून बसला की आख्खी बौद्धवस्ती अंगणात जमायची. जयंतीच्या दिवसांत त्यांच्या गायन पार्टीला दुसऱ्या तालुक्यांतून बोलावणी यायची. गाणी स्वतःची, चालीही स्वतःच्या. कापूस वेचता वेचता ते ओळी जुळवत, आणि शेजारच्या सरीतल्या बाया हसत, "दौलतभाऊ पुन्हा एकटेच बोलून राह्यले."

त्यांचा मुलगा अश्वजित. हा बापाच्या पार्टीत कोरसला बसून मोठा झाला. बापानं ओळ टाकायची, ह्यानं मागून उचलायची. गळा बापाचा नव्हता, बेताचाच होता, आणि त्याला स्वतःला ते चांगलं ठाऊक होतं. पण पेटी त्यानं उचलली आणि ओळी जुळवायची खोडही उचलली. त्यासोबत शेवटच्या कडव्यात नाव घालायची रीत आपोआपच आली.

ही रीत गायन पार्टीत फार जुनी. गाणं कुणीही गावं, पण ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात आलंच पाहिजे. गाणारा कितीही मोठा असो, तिथे त्यानं दुसऱ्याचं नाव उच्चारायचं आणि पुढे जायचं. एकदा कारंजाच्या एका कार्यक्रमात दौलतरावांनी आपलंच गाणं ऐकलं. शेवटी नाव भलत्याचंच. ते घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. बायकोनं, वच्छलाबाईंनी, ताट वाढलं ते तसंच राहिलं. सकाळी पोराला एवढंच म्हणाले, "गाणं नेलं तं नेऊ द्या. नाव नाई कापलं पाह्यजे."

ते गेल्यावर पार्टी मोडली. कोरसवाले कुणी वाळूजला कंपनीत गेले, कुणी गुडघे धरून घरी बसले. अश्वजितची बहीण रूपा अनसिंगला दिलेली, तिची लेकरं लहान, म्हणून वच्छलाबाई तिकडे गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. घरात उरला अश्वजित, वय सत्तावीस. कारंजात एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं, कुलूप काढायचं, भात टाकायचा. दिवसभर दुकानात लोकांचे फोन वाजत राहायचे. त्याचा स्वतःचा मात्र फारसा वाजत नसे. आई करायची तेवढाच.

एकटेपणा असा काही ढोल वाजवत येत नाही. त्याला तो कळला एका रविवारी, जेव्हा त्याच्या ध्यानात आलं की शनिवारी दुकानाचं शटर ओढल्यापासून आपण तोंडातून शब्दच काढलेला नाही. मग तो उगाच फाट्यापर्यंत चालत गेला, चहाच्या टपरीवर दोन चहा प्याला. दुसरा चहा फक्त "अजून एक द्या" म्हणता यावं म्हणून.

बँड झाला तो लखनमुळे. लखन कारंजाचा, लग्नाच्या वाजंत्रीत ऑक्टोपॅड वाजवायचा, आणि त्याचा फोन महिन्यातून एकदा तरी पाण्यात पडायचा. एकदा फोन उघडून ठेवलेला, लखन काउंटरवर बोटं आपटत बसलेला, आणि अश्वजित स्क्रू शोधता शोधता काहीतरी गुणगुणत होता. लखनची बोटं त्याच्या चालीला लागली. दोघंही थांबले.

"कोनाचं गानं हाय हे?"

"माहंच."

"अबे, तं मंग सांगत काहून नाई? लोकं दुसऱ्याची गानी वाजू वाजू मेले!"

लखनला बँड काढायचा होता. लग्नातला नव्हे, स्वतःच्या गाण्यांचा, फोनवर पोरं ऐकतात तसा, पण आपल्या वऱ्हाडीत. कल्पना त्याची, उत्साह त्याचा आणि बडबडही त्याचीच. अश्वजितनं एक जुना कीबोर्ड मिळवला. आता गळा हवा होता.

गळा एसटीत सापडला. नानाजींची वैभवी कारंजाच्या कॉलेजात बीएला होती, त्याच गाडीनं जायची. नानाजी धनजमधलेच, कुणब्याचे, पाच एकरांचे धनी, गावच्या भजनी मंडळात टाळ धरणारे. पोरगी लहानपणापासून त्यांच्या मांडीला मांडी लावून भजनं म्हणत आलेली. एक दिवस अश्वजित खिडकीशी बसून गुणगुणत होता तर मागच्या सीटवरून आवाज आला, "दादा, ते वरतं नको नेऊ. खालीच राहू दे, मंग पाहाय."

त्यानं खालीच राहू दिलं. ती म्हणाली ते बरोबर होतं.

नानाजींची परवानगी मागायला अश्वजित स्वतः गेला. गावात कोण कुणाच्या घरी जातं, कुणाची पोरगी कुठल्या वस्तीत दिसते, याचा हिशेब तोंडातोंडी राहतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. नानाजींनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "दौलतच्या पेटीवर म्या टाळ वाजवला हाये. त्याच्या घरी गानं म्हनाले पोरगी नाई पाठवली तं कोठी पाठवू? पन दार उघडं पाह्यजे, बाबू."

दार उघडं राहिलं. दर रविवारी सकाळी लखन ऑक्टोपॅड मोटारसायकलवर बांधून यायचा, वैभवी गावातून चालत यायची, आणि त्या घरात, जिथे आठवडाभर फक्त कुकरची शिट्टी बोलायची, तिथे तीन माणसं एकमेकांवर ओरडायची. अश्वजित शनिवारी अंगण झाडायचा. रविवारसाठी त्यानं तीन कप वेगळे काढून ठेवले होते आणि इतर दिवशी त्यांतून चहा पीत नसे. कुणी म्हणेल ह्यात काय एवढं. ज्यानं आठवडाभर एकट्यानं भात खाल्लाय त्याला विचारा.

बँडचं नाव ठेवलं 'हात दाखवा'. एसटीवर लिहिलेलं असायचं तेच. लखनला वाटलं नाव दमदार आहे, वैभवीला वाटलं विनोदी आहे, आणि अश्वजितला वाटलं की फाट्यावर उभं राहिलेल्या माणसाला एवढंच तर करता येतं.

त्यांची गाणी ऐकली तर पहिल्यांदा वाटायचं, ही अजून सुरूच झालेली नाहीत. कीबोर्डवर दोन-तीन सूर, पेटीसारखे लांब ओढलेले. ऑक्टोपॅड अगदी दबका. त्यावर वैभवीचा आवाज, भजनात तापलेला पण इथे मुद्दाम खाली ठेवलेला, शेजारी बसून सांगावं तसा. गाणी बाजाराच्या दिवसाची, लाईन गेलेल्या दुपारची, एका चपलेची. लखन वैतागायचा. "याच्यावर नाचाव कसं मानसानं?"

"नाचू नाई. ऐकाव."

"ऐकाच्या गान्याले कोनी सुपारी देत नाई, भाऊ!"

मग अश्वजितनं फाट्याचं गाणं रचलं. फाट्यावर गाडीची वाट पाहत थांबलेल्या बाईचं. गाडी येते, ती हात दाखवते, गाडी थांबत नाही. एवढंच. आणि शेवटच्या कडव्यात त्यानं रीतीप्रमाणे आपलं नाव घातलं:

फाट्यावर बसले मी, सांज आली दारात,
अश्वजितचं गाणं माह्या रिकाम्या घरात.

आता कुणीही शहाणा माणूस विचारेल, की अरे, एका तरण्या पोरीनं हे गायचं, आणि शेवटी तुझं नाव? पण त्या खोलीत शहाणा माणूस नव्हता. अश्वजित गायन पार्टीतला, त्याला शेवटी नाव नसलं तरच चुकल्यासारखं वाटायचं. वैभवी भजनातली, तिथेही शेवटच्या ओळीत संतांचं नाव येतंच, तिनं ते तसंच भक्तिभावानं म्हटलं. आणि लखननं आयुष्यात कुठल्याच गाण्याचे शब्द ऐकले नव्हते. तिघांनी मिळून अंगणात ते गाणं फोनवर टिपलं आणि टाकून दिलं इंटरनेटवर.

गाणं चाललं. लोकांनी लिहिलं, आमच्या आईची आठवण आली, आमच्या फाट्यावर असंच होतं. कुणी पुण्याहून, कुणी नागपूरहून. अश्वजित संध्याकाळी भात शिजेपर्यंत एकेक वाचायचा आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायचा. त्याला वाटलं, आता आपण एकटे नाही. खरंच वाटलं त्याला तसं.

पंधरा-वीस दिवसांनी दुकानात एका पोराचा फोन दुरुस्तीला आला, स्पीकर गेलेला. अश्वजितनं नवा बसवला आणि तपासायला म्हणून समोर दिसला तो व्हिडिओ लावला. वैभवी होती. गाणं नव्हतं, फक्त शेवटच्या दोन ओळी, कापून घेतलेल्या. वर कुणीतरी लिहिलं होतं, 'ताईनं उखाणा घेतला.' खाली हसणारी तोंडं, रांगेनं.

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. मागेपुढे काही नसताना त्या दोन ओळी खरंच उखाणाच होत्या. यमक जुळवून पुरुषाचं नाव बाई फक्त एकाच कामासाठी घेते, आणि ते नाव एकाच माणसाचं असतं. त्यात हा बौद्ध, ती कुणब्याची. ज्यानं कापलं त्यानं जाणून कापलं होतं.

त्या रविवारी वैभवी आली, पण नानाजींसोबत. लखन अजून यायचा होता. नानाजी खाटेवर टेकले, पाणी प्याले, आणि आढेवेढे न घेता बोलले.

"मले समजते, बाबू. रचनाऱ्यानं नाव घालावंच लागते. तुह्या बापानं माह्या समोर किती येळा घातलं. पन गावाले कोन समजावल? काल बाजारात एका पोट्ट्यानं मले जावयाची खुशाली इचारली."

अश्वजित मान खाली घालून कीबोर्डची वायर गुंडाळत राहिला.

"एकदा तोंडावर इचारतो, मंग पुन्हा नाई इचारनार," नानाजी पोरीकडे वळले. "काही हाये का, वैभवी?"

वैभवीनं सरळ बापाच्या डोळ्यात पाहिलं. "नाई बाबा. काहीच नाई. दादा हाये तो माहा."

ते खरं होतं. तिच्या मनात काही नव्हतं, आणि म्हणूनच तिला बोलायला जड गेलं नाही. अश्वजितला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, तिच्यासाठी. पण त्यासोबत आत काहीतरी खचलं. त्याच्या मनात काय आहे हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं. उत्तर मिळालं ते असं, दुसऱ्याच्या प्रश्नातून, आणि मिळालं तेव्हाच त्याचा उपयोग संपला होता.

"नाव काहाडून टाक," नानाजी म्हणाले. "बाकी गानं म्हनू दे तिले. मी नाई अडवत."

बापाचं वाक्य त्याला आठवलं, भिंतीकडची ती पाठही आठवली. पण दुसऱ्या बाजूला रविवार होता. रविवार गेला तर त्या घरात काय राहतं ते तो चांगलं जाणून होता. "काहाडतो, काका," तो म्हणाला. हे म्हणताना बापाला काय वाटलं असतं, हा विचार त्यानं तिथेच दाबला.

नाव काढलं की जागा रिकामी पडते, चाल लंगडी होते. तेवढीच अक्षरं हवी होती. आठवडाभर तो एसटीत ओठ हलवत बसला आणि शेवटी बसवली ओळ:

कोणाचं बाई गाणं माह्या रिकाम्या घरात?

लखन म्हणाला, भारी. वैभवी म्हणाली, आधीपेक्षा चांगलं झालं. तिघंही खूश. आणि इथेच घोड्यानं पेंड खाल्ली, ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

थंडीत कारंजाच्या एका मंडळानं संध्याकाळच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावलं. पहिला मंच. मैदान भरलेलं, पुढे सतरंजीवर बायामाणसं, मागे मोटारसायकलींवर पोरं. वैभवीनं मोरपंखी साडी नेसली होती. नानाजी पहिल्या रांगेत टोपी सारखी करत बसले होते. दोन गाणी चांगली झाली. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावून ऐकलं, ते अश्वजितनं मंचावरून पाहिलं. फाट्याचं गाणं सुरू झालं तेव्हा मागची पोरंही गप्प झाली.

शेवटचं कडवं आलं. वैभवीनं डोळे मिटले.

"कोणाचं बाई गाणं..."

"अश्वजितचंऽ!"

मागून, एका दमात, मोटारसायकलींवरच्या सगळ्या पोरांनी. मग हशा, मग शिट्ट्या. लखनला काय झालं तेच कळलं नाही, त्याचा हात ताल देत राहिला. तालाला थांबायचं ठाऊक नसतं. ओळ फिरून यायचीच होती, वैभवीनं धीर करून पुन्हा उचलली, "कोणाचं बाई..." आणि आता अर्धं मैदान ओरडलं. सतरंजीवरची लहान लेकरंसुद्धा, खेळ समजून.

सगळी हयात कोरसला काढलेल्या माणसानं मंचावरून प्रश्न टाकला होता आणि समोरून उत्तर येणार नाही असं धरलं होतं. बापाच्या पार्टीत हेच तर चालायचं. दौलतराव विचारायचे, कोण, आणि आख्खी वस्ती एका सुरात नाव घ्यायची. अश्वजितनं लहानपणी ते पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, एक दिवस माझंही नाव असं घेतील. ते घेत होते. इतक्या लोकांनी त्याचं नाव एका सुरात घ्यायची ही पहिलीच वेळ, आणि त्यातला प्रत्येक आवाज त्या पोरीला लागत होता.

वैभवीनं माईक खाली ठेवला, फेकला नाही. हळूच ठेवला आणि पायऱ्या उतरून बापाकडे गेली. नानाजींनी उपरणं तिच्या खांद्यावर टाकलं आणि दोघं मैदानातून चालत बाहेर गेले. अश्वजित कीबोर्डवर हात ठेवून तसाच उभा राहिला. दाबलेला सूर बराच वेळ वाजत होता, मग लखननं वायर काढली.

भांडण काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नानाजी फाट्यावर भेटले. म्हणाले, "तुही चूक नाई, बाबू. पन आता नाई." अश्वजितनं मान हलवली. भांडले असते तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं. भांडलेल्या माणसाकडे परत जाता येतं.

लखन दोन रविवार आला. दोघांनी वाजवून पाहिलं. लखन मधेच थांबून दाराकडे बघायचा. तिसऱ्या रविवारी त्याला लग्नाची सुपारी होती, चौथ्यालाही होती, आणि मग अश्वजितनंच फोन करून सांगितलं, "नको येऊ, पेट्रोल जाते फुकट." लखन म्हणाला, "येतो न भाऊ कधी." तो मनाचा वाईट नाही. पण त्याला वाजवायला माणसं लागतात, आणि नाचणारी असली तर आणखी बरं.

वैभवी त्याच एसटीनं जायची. पुढे बसायची. चढताना दिसला तर "काय दादा" म्हणायची, तोही "काय" म्हणायचा. मग परीक्षा झाली आणि ती एसटीत दिसेनाशी झाली. तिचं लग्न ठरल्याचं त्याला चहाच्या टपरीवर कळलं. शनिवारी अंगण झाडायची सवय मात्र सुटली नाही. एकदा आईनं फोनवर विचारलं, "पाहुने येतेत का रे कोनी?" तो म्हणाला, "नाई, कचरा झालता."

लग्नाच्या आदल्या आठवड्यात, एका दुपारी, तो जेवायचा डबा उघडत असताना तिचा फोन आला. मधे वर्ष गेलं होतं.

"दादा, कामात हायेस का?"

"नाई. बोल न."

"एक काम होतं. मले उखाना लिहून दे. सासरी सगळ्या बाया मांगनार. ते पुस्तकातले सारखेच असतेत. तुह्यासारखं कोनाले जमत नाई."

ती हसत होती. तिच्या बोलण्यात काही आडपडदा नव्हता. ज्या माणसाला ओळ जुळवता येते त्याला तिनं ओळ मागितली होती. अश्वजितनं डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

"देतो न. गाव कोनतं?"

"मानोरा."

"आन् नाव?"

ती अडखळली. "आता तुह्या समोर कसं घेऊ? थांब, लिहून पाठवते."

नाव आलं. हर्षल. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. डोळे मिटून तो काउंटरमागे बसला आणि बापासारखे ओठ हलवू लागला. ओळी यायला वेळ लागला नाही. वर्षभर काही सुचलं नव्हतं, आणि ह्या मात्र जणू दारात उभ्या होत्या:

फुटल्या कपाशीत उतरलं कोवळं ऊन,
हर्षलरावांचं नाव घेते मानोऱ्याची सून.

त्यानं ते हळू आवाजात म्हणून पाहिलं. तिचा श्वास कुठे संपतो ते त्याला ठाऊक होतं, तिथेच ओळ संपत होती. चांगलं झालं होतं. बायका टाळ्या वाजवतील.

मग त्यानं दाराकडे पाहिलं, कुणी येत नाही ना ते, आणि हर्षलच्या जागी आपलं नाव घालून एकदा म्हणून पाहिलं. बसलं नाही. एक अक्षर जास्त होत होतं.

त्यानं उखाणा पाठवून दिला.